जांभ्याचं पाणी आणि टाकीतला सीओटू : बुडबुडे नेमके कसे बसवायचे

पाणवनस्पतींच्या टाकीला सीओटूचा (म्हणजे कार्बन डायऑक्साइड गॅसचा) सेट घेतला की दुकानातून एक आकडा हमखास मिळतो: सेकंदाला एक बुडबुडा. अलिबागपासून वेंगुर्ल्यापर्यंत तोच आकडा. नवशिक्याला तो धरून चालायला सोपा वाटतो आणि नेमका तिथेच घोळ होतो. बुडबुडा केवढा, हे बबल काउंटरच्या (बुडबुडे मोजायच्या छोट्या कुपीच्या) नळीच्या तोंडावर ठरतं. एकाचा बुडबुडा दुसऱ्याच्या दुप्पट निघू शकतो. शिवाय त्यातला किती गॅस पाण्यात विरघळला आणि किती वर जाऊन हवेत उडाला, हे बुडबुडा सांगत नाही.

बुडबुडे मोजायचे ते कालच्याइतकेच आज आहेत ना, एवढं बघायला. पाण्यात गॅस किती आहे ते ड्रॉप चेकरवर, म्हणजे टाकीत चिकटवलेल्या रंग बदलणाऱ्या कुपीवर बघायचं. आणि तो जास्त झाला की काय, हे मासे सांगतात. ही तीन कामं तीन ठिकाणी ठेवली की पुढचं सगळं सरळ आहे.

कोकणात दोन गोष्टी वेगळ्या आहेत: पाणी मऊ आहे आणि हवा गरम आहे. परदेशी लेखांतले आकडे साधारण २४-२५ अंशांच्या टाकीसाठी लिहिलेले असतात. आपल्याकडे चिलर (पाणी गार करायचं यंत्र) नसलेली टाकी एप्रिल-मेमध्ये ३० अंशांवर सहज जाते. २५ अंशांना लिटरभर पाण्यात जास्तीत जास्त सव्वाआठ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, ३० अंशांना साडेसात. त्यात गरम पाण्यात माशांना ऑक्सिजन लागतो जास्त. म्हणून सगळीकडे लिहिलेलं लिटरला ३० मिलिग्रॅम सीओटूचं लक्ष्य इथे धरू नये. २० ते २४ पुरे. रोपं तेवढ्यावर उत्तम वाढतात, आणि वीज गेली किंवा हात चुकला तर मासे वाचायला थोडी जागा राहते.

पुढची सगळी उदाहरणं २ फूट लांब, १ फूट रुंद, सव्वा फूट उंच टाकीची आहेत. बाहेरून मोजलं तर ती ७० लिटरची, पण माती, दगड आणि वरची मोकळी जागा वजा केली की पाणी जेमतेम ६० लिटर.

आधी विहिरीचं पाणी ओळखा

जांभ्यातला चुना हजारो पावसाळ्यांनी धुऊन नेलेला आहे. त्यामुळे त्यातून झिरपलेल्या पाण्यात कार्बोनेट नावापुरतंच असतं. थेंबांच्या किटने केएच (कार्बोनेटचं अंशांतलं माप) तपासलं आणि १ ते ३ निघालं तर किट बिघडलंय असं समजू नका. अशा मऊ पाण्यासाठी एक युक्ती: किटवर ५ मिलि पाणी घ्यायला सांगितलं असेल तर १० मिलि घ्या. मग प्रत्येक थेंब १ ऐवजी अर्धा अंश मोजतो आणि दीड की दोन हे कळतं. खाडीलगतच्या विहिरीची गोष्ट वेगळी. ती उन्हाळ्यात मचूळ होते, तिचं पाणी दर महिन्याला तपासावं लागतं.

ताजं उपसलेलं पाणी लगेच तपासू नका. जमिनीखालच्या पाण्यात सीओटू आधीच भरपूर विरघळलेला असतो, त्यामुळे पीएच खोटाच खाली दिसतो. बादलीत रात्रभर एअर पंप लावून ठेवा, सकाळी मोजा. पाणी बदलतानाही हेच करायचं. नाहीतर बोअरवेलचं अर्धी टाकी पाणी थेट ओतलं की मासे वर येतात आणि दोष रेग्युलेटरला (सिलिंडरचा दाब कमी करणाऱ्या यंत्राला) जातो.

केएच २ च्या खाली असेल तर बदलायच्या पाण्यात खायचा सोडा घाला. १०० लिटरला ३ ग्रॅम सोडा म्हणजे केएच १ ने वर. २० लिटरच्या बादलीला ०.६ ग्रॅम. हे मोजायला सोनारी कामाचा छोटा डिजिटल काटा हवा, चमच्याचं काम नाही. धुण्याचा सोडा वेगळा, बेकिंग पावडरही वेगळी. दोन्ही टाकीत जाता कामा नये.

तळाला किनाऱ्यावरची वाळू घालायचा मोह इथे प्रत्येकाला होतो. फुकट असते, दिसतेही छान. मूठभर वाळू वाटीत घेऊन त्यावर व्हिनेगर ओता. फसफसली तर त्यात शिंपल्यांचा चुरा आहे, आणि आपल्या बहुतेक किनाऱ्यांवर तो असतोच. सीओटूने पाणी किंचित आम्ल झालं की हा चुरा हळूहळू विरघळतो आणि केएच आठवड्यागणिक चढत राहतं. समुद्री टाकीतला कॅल्शियम रिअ‍ॅक्टर हेच काम मुद्दाम करतो: बंद नळकांड्यात प्रवाळाचा चुरा भरतात, सीओटू सोडून पीएच साडेसहाच्या आसपास आणतात आणि विरघळलेलं कॅल्शियम थेंबाथेंबाने टाकीत सोडतात. तिथे ते हवं असतं, कारण नळकांडं टाकीबाहेर असतं आणि किती विरघळवायचं ते आपल्या हातात असतं. टाकीच्या तळाला तेच झालं तर लगाम कोणाच्याच हातात नाही. (मालवणच्या किनाऱ्यावर पडलेला प्रवाळाचा तुकडा मात्र मेलेला असला तरी उचलू नका. दगडी प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूची १ मध्ये आहेत आणि तिथला समुद्र १९८७ पासून अभयारण्य आहे.)

सिलिंडर

२ किलोचं सिलिंडर ६० लिटरच्या टाकीला पुष्कळ झालं. २ किलो गॅस म्हणजे साध्या दाबाला ११०० लिटरच्या आसपास. मोठा, म्हणजे ०.१ मिलिचा बुडबुडा धरला तरी मिनिटाला ६० बुडबुडे रोज ८ तास सोडल्यावर दिवसाला ३ लिटरसुद्धा जात नाही. म्हणजे सिलिंडर वर्षभर चालायला हवं. दोन-तीन महिन्यांत रिकामं झालं तर गॅस रोपांनी खाल्लेला नाही, कुठेतरी गळतोय.

आग विझवायचं जुनं सिलिंडर स्वस्तात मिळतं आणि पुष्कळजण तेच वापरतात. त्याच्या आत तळापर्यंत नळी असते, कारण आगीवर द्रव सीओटू फेकायचा असतो. ती नळी तशीच ठेवून रेग्युलेटर लावला तर गॅसऐवजी द्रव रेग्युलेटरमध्ये शिरतो आणि आतले पडदे फुटतात. भरून देणाऱ्याकडून नळी काढून घ्या आणि ती काढलेली डोळ्यांनी बघा. सिलिंडरच्या खांद्यावर रिकामं वजन आणि चाचणीची तारीख ठोकलेली असते. चाचणीची मुदत उलटलेलं सिलिंडर घेऊ नका. व्हॉल्व्हचे आटे आणि रेग्युलेटरचे आटे जुळतात का तेही दुकानातच लावून बघा; परदेशातून मागवलेला रेग्युलेटर आपल्याकडच्या सिलिंडरला अ‍ॅडॉप्टरशिवाय बसत नाही, असं बऱ्याचदा होतं.

सिलिंडर नेहमी उभं, भिंतीला पट्ट्याने बांधलेलं, सावलीत. सीओटूला ३१ अंश ही सीमारेषा आहे. त्याच्या खाली सिलिंडरमध्ये द्रव असतो आणि दाब तापमानावर ठरतो: २५ अंशांना ६४ बार, ३० ला ७२. ३१ च्या पुढे द्रव आणि वायू असा भेदच उरत नाही आणि काठोकाठ भरलेल्या सिलिंडरचा दाब झपाट्याने चढतो. मे महिन्यात पश्चिमेच्या पडवीत किंवा बंद गाडीत ठेवलेल्या सिलिंडरची सुरक्षा चकती फुटते ती यामुळे.

बंद खोलीत हे सिलिंडर नको, आणि एसी लावून दारं-खिडक्या बंद करून झोपायच्या खोलीत तर नकोच. १० बाय १० फुटांची, ९ फूट उंचीची खोली म्हणजे साधारण २५ हजार लिटर हवा. त्यात ११०० लिटर सीओटू एकदम सुटला तर प्रमाण ४ टक्क्यांच्या वर जातं. ते माणसाच्या जिवावर बेतू शकतं. गॅस हवेपेक्षा जड असल्याने आधी खाली साचतो, जमिनीवर अंथरुण घालून झोपणाऱ्याच्या उंचीला.

जोडणी

क्रम असा: सिलिंडर, दोन दाबमापकांचा रेग्युलेटर (मोठा मीटर सिलिंडरमधला दाब दाखवतो, लहान बाहेर जाणारा), सोलेनॉइड (विजेवर गॅस चालू-बंद करणारा व्हॉल्व्ह), नीडल व्हॉल्व्ह (गॅसचा वेग बारीक ठरवणारा), बबल काउंटर, चेक व्हॉल्व्ह (पाणी उलटं येऊ न देणारा), डिफ्यूझर (गॅसचे बारीक बुडबुडे करणारी चकती). नळी सीओटूसाठीची पॉलियुरेथेनची घ्या. एअर पंपाच्या सिलिकॉन नळीच्या भिंतीतून सीओटू झिरपत राहतो.

चेक व्हॉल्व्हवर पैसे वाचवू नका. रात्री सोलेनॉइड बंद झाला की नळीत अडकलेला गॅस पाण्यात विरघळत जातो, नळीत पोकळी होते आणि टाकीचं पाणी उलटं ओढलं जातं. प्लास्टिकचा स्वस्त व्हॉल्व्ह काही महिन्यांत कडक होऊन अर्धवट उघडा राहतो. मग पाणी काउंटरमधून थेट सोलेनॉइडपर्यंत पोचतं. काउंटरमधली पातळी सकाळी आपोआप वाढलेली दिसली तर समजा, चेक व्हॉल्व्ह गेला.

काउंटरमध्ये पाण्याऐवजी मेडिकलमधलं ग्लिसरीन भरा. पाणी महिन्याभरात उडून जातं. ग्लिसरीन घट्ट असल्याने बुडबुड्याचा आकार बदलतो, त्यामुळे आधीचा आकडा सोडून द्यायचा आणि नव्याने मोजायला लागायचं.

सुरू करताना हा क्रम मोडू नका:

१. नीडल व्हॉल्व्ह बंद. बोटांनी हलकेच, पाना लावून आवळला तर सुईचं टोक चेपतं आणि मग तो कधीच नीट बसत नाही.
२. रेग्युलेटरची दाबाची मूठ डावीकडे फिरवून पूर्ण सैल.
३. सिलिंडरच्या तोंडाला वायसर आहे ना बघून रेग्युलेटर पान्याने आवळा. इथे टेफ्लॉन टेप लावायची नाही. गळती वायसरने थांबते, आट्यांनी नाही.
४. सिलिंडर हळूहळू उघडा. मोठ्या मीटरचा काटा ६०-७० बारवर यावा.
५. मूठ उजवीकडे फिरवत लहान मीटर काचेच्या डिफ्यूझरला दीड बारवर, बारीक धुकं करणाऱ्या अ‍ॅटमायझरला अडीच बारवर आणा.
६. सोलेनॉइडला वीज द्या. मग नीडल व्हॉल्व्ह केसाएवढा उघडा आणि थांबा. नवीन सिरॅमिक चकती ओली होऊन बुडबुडे सुटायला काही मिनिटं लागतात. गॅस येत नाही म्हणून लोक याच वेळी व्हॉल्व्ह भसाभस उघडतात.
७. भांडी घासायच्या साबणाचं पाणी ब्रशने प्रत्येक सांध्यावर लावा. फेस फुगला तिथे गळती. नंतर ओल्या फडक्याने पुसा. साबण टाकीत जाऊ देऊ नका.

डिफ्यूझर टाकीत जितका खाली जाईल तितका खाली, आणि फिल्टरचं पाणी त्याच्यावरून वाहील असा. बुडबुडे सरळ रेषेत वर जाताना दिसले तर जागा चुकली. ते धुक्यासारखे आडवे पसरले पाहिजेत.

ड्रॉप चेकरचं पाणी घरी करा

ड्रॉप चेकर म्हणजे टाकीत चिकटवलेली छोटी उलटी काचेची कुपी. आत निळसर-हिरवं पाणी, खाली हवेचा कप्पा. टाकीतला सीओटू हवेच्या कप्प्यातून आतल्या पाण्यात शिरतो आणि रंग बदलतो. यात सगळ्यात जास्त होणारी चूक म्हणजे कुपीत टाकीचंच पाणी भरणं. टाकीच्या पाण्यात लाकडाचे, बदामाच्या पानांचे आम्ल असतात. तेही पीएच खाली खेचतात आणि रंग खोटं बोलतो. आतलं पाणी ठरावीक केएचचं, स्वच्छच हवं.

बाजारात ४ केएचचं तयार मिळतं. ते हिरवं झालं की ३० मिलिग्रॅम. आपल्याला हवं २० ते २४, म्हणून ३ केएचचं पाणी घरी करायचं. मग तोच हिरवा रंग २२-२३ मिलिग्रॅमला येतो आणि रंगाची छटा कुठली यावर डोकं लढवावं लागत नाही.

१ लिटर डिस्टिल्ड पाण्यात १.२ ग्रॅम खायचा सोडा विरघळवा. हे झालं ४० केएचचं. यातलं ७५ मिलि घेऊन त्यात ९२५ मिलि डिस्टिल्ड पाणी घाला: ३ केएच. डिस्टिल्ड पाणी गॅरेजमध्ये बॅटरीसाठी मिळतं ते चालतं, फक्त बाटलीवर नीट वाचा. बॅटरीचं आम्लही तशाच बाटलीत शेजारीच ठेवलेलं असतं. ७.६ च्या आतला पीएच मोजणाऱ्या किटमधलं ब्रोमोथायमॉल ब्लू (पीएचप्रमाणे रंग बदलणारं द्रावण) २-३ थेंब कुपीत टाका. निळा म्हणजे गॅस कमी, हिरवा म्हणजे हवा तितका, पिवळा म्हणजे जास्त. मागे पांढरा कागद धरूनच रंग वाचा. हिरव्या रोपांच्या पार्श्वभूमीवर निळासुद्धा हिरवा दिसतो.

आणि लक्षात ठेवा, हा रंग शिळा असतो. हवेतून आत शिरायला गॅसला दीड-दोन तास लागतात. दुपारी एकला दिसणारा रंग अकराच्या सुमाराची बातमी देतो.

खरं ट्यूनिंग

वेळापत्रक असं धरा: सकाळी ९ ला गॅस सुरू, ११ ला दिवे, संध्याकाळी ५ ला गॅस बंद, ६ ला दिवे बंद. पहिले दोन तास टाकीत गॅस भरायला, शेवटचा तास उरलेला वापरायला.

पहिल्या दिवशी मिनिटाला २० बुडबुडे. घड्याळ लावून पूर्ण मिनिट मोजा. पाच सेकंद मोजून बाराने गुणायचं नाही. सोलेनॉइड उघडल्यावर अर्ध्या तासाने मोजा, तोवर वेग स्थिरावत नाही. नीडल व्हॉल्व्ह नेहमी बंदकडून उघडाकडे आणायचा. बुडबुडे जास्त झाले म्हणून थोडा मागे फिरवला तर आट्यांतल्या ढिलाईमुळे तासाभरात वेग सरकतो. आधी हव्या त्याच्या खाली जा, मग पुन्हा वर या.

रोज एकदाच बदल, आणि वाढवताना मिनिटाला ५ बुडबुड्यांपेक्षा जास्त नाही. दुपारी १ ला आणि संध्याकाळी ५ ला रंग वहीत लिहा. बहुतेकजण चुकतात ते या दोन नोंदींचा अर्थ लावताना.

एकला हिरवा, पाचला पिवळा: सहज मनात येतं की गॅस जास्त झाला, कमी करा. कमी केला की दुसऱ्या दिवशी एकला निळा, पाचला हिरवा. मग पुन्हा वाढवायचा. हा खेळ महिनोन्महिने चालतो. इथे दोष गॅसचा नसून पृष्ठभागाचा आहे. पाणी वरून शांत असलं की गॅस उडून जायला वाट नसते, त्यामुळे पाण्यातला गॅस दिवसभर वाढतच राहतो आणि तो बंद करेपर्यंत कुठे थांबतच नाही. फिल्टरचं तोंड थोडं वर वळवा. पृष्ठभाग थरथरला पाहिजे, नदीच्या संथ पाण्यावर वारा आल्यासारखा, पण पाणी उसळून आवाज येऊ नये. आता जाणारा गॅस वाढला, म्हणून येणाराही वाढवा: ३० होते तर रोज पाचाने वाढवत ४५ करा. हे उधळपट्टीसारखं वाटतं. पण आत येणारा आणि बाहेर जाणारा दोन्ही जोरात असले की पातळी लवकर जुळते आणि जुळली की तिथेच राहते. शिवाय त्याच थरथरीतून ऑक्सिजन आत येतो, जो आपल्या गरम पाण्यात तसाही कमी आहे. चार रुपयांचा गॅस जास्त गेला तर जाऊ दे.

एकला निळा, पाचला हिरवा असेल आणि पृष्ठभाग आधीच हलत असेल तर बुडबुडे वाढवा, किंवा गॅस अर्धा तास आधी सुरू करा. दोन्ही वेळा निळा राहिला आणि मिनिटाला ८० बुडबुडे सुटतायत, तर आणखी वाढवू नका; डिफ्यूझर बुजलाय, जागा चुकलीय किंवा काउंटरच्या पुढे गळतंय. एकलाच पिवळा असेल तर बुडबुडे पाचव्या हिश्श्याने कमी करा.

दोन्ही वेळा हिरवा आणि मासे आपल्या नेहमीच्या थरात फिरतायत: झालं. बुडबुडे, लहान मीटरचा दाब आणि फिल्टरच्या तोंडाचा कोन वहीत लिहा. ६० लिटरला हे साधारण ४० ते ६० बुडबुड्यांत बसतं, पण तुमच्या काउंटरला ३० असतील किंवा ७०, तेही बरोबरच.

आता पीएच पेन काढा. ११ वाजता, २ वाजता आणि ५ वाजता टाकीचा पीएच मोजा. तिन्हीत ०.१ पेक्षा जास्त फरक नको. हा तुमच्या टाकीचा खरा आकडा. पुढे रोज फक्त तो बघायचा. (सीओटूने पीएच एक अंकाने उतरवा, असा नियम जिकडेतिकडे सापडतो. सुरुवातीच्या पाण्यात ३ मिलिग्रॅम सीओटू आहे असं धरलं तरच तो खरा. रात्रभर हवा सोडलेल्या पाण्यात अर्धा मिलिग्रॅमच्या आसपास असतो, मग एक अंक म्हणजे फक्त ५.)

पीएच कंट्रोलर आणि बदलतं पाणी

कंट्रोलर टाकीचा पीएच सतत मोजतो आणि ठरवलेल्या पीएचला गॅस बंद करतो. ऐकायला निर्धास्त वाटतं. कोकणात नवशिक्याने तो घेऊ नये असं आमचं स्पष्ट मत आहे. कारण हिशोबात आहे.

सीओटू बरोबर ३ गुणिले केएच गुणिले १० चा (७ वजा पीएच) घात. केएच २ आणि पीएच ६.३ असेल तर ३ गुणिले २ गुणिले ५, म्हणजे ३०. तुम्ही कंट्रोलर ६.३ वर लावला. पावसाळ्यात विहीर काठोकाठ भरली, पाणी पातळ झालं, केएच १ वर आलं. कंट्रोलर अजून ६.३ लाच थांबतो, पण आता पाण्यात सीओटू १५ च. रोपं अडखळतात, शेवाळ धरतं. उलट मे महिन्यात विहीर तळाला गेली किंवा तळातल्या शिंपल्यांनी केएच ६ वर नेलं, तर ६.३ गाठण्यासाठी कंट्रोलर ९० मिलिग्रॅम होईपर्यंत गॅस सोडत राहील. मासे मेलेले आणि पडद्यावर ६.३, अगदी बरोबर.

ठरावीक बुडबुड्यांच्या जोडणीला हा धोका नाही. केएच बदललं तरी पाण्यात विरघळणारा सीओटू तेवढाच राहतो. बदलतो तो फक्त पेनवरचा पीएच. म्हणून मिरगाचा पाऊस स्थिरावल्यावर एकदा आणि दिवाळीनंतर एकदा केएच तपासा. पेनवरचा तुमचा आकडा सरकला असेल पण ड्रॉप चेकर हिरवाच असेल, तर व्हॉल्व्हला हात लावू नका. नवा आकडा लिहा.

वीज गेली की

सोलेनॉइड वीज गेल्यावर बंद होतो, हे चांगलंच. खरा घोळ टायमरचा. दातेरी चकतीचा टायमर वीज नसताना थांबतो आणि वीज आली की तिथूनच पुढे चालतो. पावसाळ्यात तीन तास वीज गेली की त्याचं घड्याळ तीन तास मागे. दिवे इन्व्हर्टरवर असतील तर ते वेळेवर सहाला मालवतात आणि गॅस मात्र रात्री आठपर्यंत चालू. चार दिवस असं गेलं की गॅस भर रात्री सुटतोय. अंधारात रोपं सीओटू घेत नाहीत, उलट सोडतात आणि ऑक्सिजन खातात. सकाळी मासे वर तोंड काढून असतात आणि दुपारी ड्रॉप चेकर बघणाऱ्याला काहीच कळत नाही. बॅटरी असलेला डिजिटल टायमर घ्या.

दुसरं, सोलेनॉइड आणि फिल्टर एकाच लाईनवर हवेत. सोलेनॉइड इन्व्हर्टरवर आणि फिल्टर नाही, असं झालं तर थांबलेल्या पाण्यात गॅस साचत राहतो.

मासे वर आले तर

कोपऱ्यात घोळका करून तोंड पृष्ठभागाला लावलेलं, कल्ले भराभर हलतायत; कोळंबी असेल तर ती आधीच सुस्त पडलेली. क्रम: सोलेनॉइडची पिन काढा, एअर पंप पूर्ण जोरात लावा, रात्रभर मुरलेल्या पाण्याने ४० टक्के पाणी बदला. पीएच वाढवायला सोडा घालू नका, त्याने पाण्यातला गॅस जात नाही. ऑक्सिजन भरपूर असूनही मासे गुदमरतात, कारण बाहेरच्या पाण्यातच सीओटू इतका असतो की रक्तातला बाहेर टाकता येत नाही. दोन तासांत मासे सावरले तरी त्या दिवशी गॅस पुन्हा लावायचा नाही.

हळूहळू बिघडणारं

पानांच्या कडांना आणि लाकडावर शेवाळाची काळी मऊ दाढी उगवली तर बहुतेक वेळा सीओटू रोज वेगळा मिळतोय. औषध शोधण्याआधी वहीतले आठवडाभराचे पीएच बघा.

डिफ्यूझरवर शेवाळ आलं की बुडबुडे मोठे होतात. घरगुती ब्लीचमध्ये तासभर बुडवा, भरपूर धुवा, मग क्लोरीन मारणाऱ्या थेंबांच्या पाण्यात ठेवा. चकती नखाने खरवडू नका. बसवल्यावर बुडबुडे पुन्हा मोजा. चकती मोकळी झाल्याने उलटा दाब कमी होतो आणि त्याच व्हॉल्व्हवर वेग वाढलेला असतो.

किनाऱ्यावरच्या घरात पितळेवर हिरवा थर चढतो आणि सोलेनॉइडच्या जोडणीत गंज बसतो. आठवड्याला कोरड्या कपड्याने पुसा. आट्यांना तेल लावू नका, रबरी भाग फुगतात.

मोठा मीटर गॅस किती उरला ते सांगत नाही. आत थेंबभर द्रव आहे तोवर काटा हलत नाही, आणि उतरायला लागला की गॅस संपत आलेला असतो. त्याच वेळी एक टप्प्याच्या रेग्युलेटरमध्ये बाहेरचा दाब आपोआप चढतो आणि उरलेला गॅस एकदम टाकीत जातो. दर महिन्याला ताणकाट्याला सिलिंडर लटकवा, वजनातून रेग्युलेटरचं आणि खांद्यावर ठोकलेलं रिकामं वजन वजा करा. पाव किलो उरला की भरून आणा, काटा हलायची वाट बघू नका.

घर बंद ठेवून जाताना

चार दिवसांपर्यंत काही बदलू नका. त्याहून जास्त असेल तर गॅस पूर्ण बंद आणि दिवे ५ तासांवर. सिलिंडरचा व्हॉल्व्ह हाताने बंद करा, सोलेनॉइडवर विसंबू नका. डिफ्यूझर पाण्याबाहेर काढून वाळत ठेवा. परत आल्यावर जुन्या आकड्यावर थेट जायचं नाही: पहिल्या दिवशी निम्मे बुडबुडे, तिसऱ्या दिवशी तीन चतुर्थांश, पाचव्या दिवशी पूर्ण. आणि लावण्याआधी सगळ्या सांध्यांना पुन्हा एकदा साबणाचं पाणी.